अंतःकरणाचा कौल आणि धम्माची कसोटी : एका विद्यार्थ्याच्या निबंधाच्या निमित्ताने

गेल्या वर्षावासात विहारातील अभ्यासवर्गापुढे इंग्रजी साहित्याच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने अमेरिकन साहित्य, व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी आणि नागरी स्वातंत्र्य या विषयावर आपला निबंध वाचला. निबंध मनापासून लिहिलेला होता. श्रोत्यांनी त्याला चांगली दाद दिली. ती दाद योग्यच होती. पण एका ठिकाणी टाळ्या पडल्या तेव्हा आम्ही मात्र अस्वस्थ झालो. हेन्री डेव्हिड थोरो यांच्या तुरुंगवासाचे वर्णन करून विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला होता की, आपल्या आधीच्या पिढ्यांनी अर्ज केले, ठराव केले, सवलती मागितल्या. परंतु अंतःकरणाच्या आदेशावरून 'नाही' म्हणणारा एकटा माणूस त्यांच्यात निपजला नाही. मागील रांगेत बसलेले दोन-तीन वृद्ध उपासक त्या वेळी खाली पाहत होते. लेखकाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. चिकित्सा करावयाची आहे ती विचाराची, आणि हा विचार आज पुष्कळ शिकलेल्या तरुणांच्या मनात आहे.

अमेरिकेकडे पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्यासारख्या गुरूंच्या सहवासात आले. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने अमेरिकन साहित्य उघडले यात परकेपणा काही नाही. प्रश्न एवढाच की, त्याने कोणते पान उघडले आणि कोणते मिटूनच ठेवले.

प्रथम काही तपशील दुरुस्त करणे आवश्यक आहे. थोरो यांनी 'सद्धर्मपुंडरीका'चे भाषांतर केले, म्हणून त्यांचा विद्रोह मुळात बौद्ध आहे, असे निबंधात म्हटले आहे. हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. 'द डायल' या नियतकालिकात १८४४ साली बुर्नुफ यांच्या फ्रेंच अनुवादावरून त्या सूत्राचा एक अंश इंग्रजीत प्रसिद्ध झाला, हे खरे. परंतु ते भाषांतर एलिझाबेथ पीबॉडी या विदुषीचे होते, असे आता अभ्यासक मानतात. योगायोग असा की, थोरो यांचा प्रसिद्ध निबंध १८४९ साली ज्या ग्रंथात प्रथम छापला गेला त्याचे संपादनही याच बाईंनी केले होते. त्या वेळी त्याचे शीर्षक 'नागरी शासनास प्रतिकार' या अर्थाचे होते. आज रूढ असलेले नाव त्याला मिळाले १८६६ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आपण त्याचे 'सविनय कायदेभंग' असे मराठी केले आणि मूळ शब्दात नसलेली नम्रता त्यात घातली. (पालीत 'विनय' म्हणजे शिस्त, नम्रता नव्हे, पण ही तक्रार येथे अप्रस्तुत.) थोरो सर्वस्वी अहिंसक होते हा समजही टिकत नाही. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर १८५९ साली सशस्त्र हल्ला करणाऱ्या जॉन ब्राउन यांचे त्यांनी जाहीर समर्थन केले होते.

आता मूळ घटना. गुलामगिरीला आधार देणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या शासनाला आपण कर देणार नाही, अशी थोरो यांची भूमिका होती. कित्येक वर्षांचा डोईकर थकल्यामुळे जुलै १८४६ मध्ये कॉन्कॉर्ड गावात त्यांना अटक झाली. एक रात्र ते तुरुंगात राहिले. कोणीतरी परस्पर कर भरला आणि सकाळी त्यांची सुटका झाली. सुटल्यावर त्यांनी चांभाराकडे दुरुस्तीला दिलेला जोडा घेतला आणि मंडळींबरोबर ते हकलबेरी नावाची रानफळे वेचायला गेले. हे सर्व त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

हकलबेरीवरून आम्हास त्या फळाचे नाव धारण करणारा मुलगा आठवतो; आणि आमच्या विद्यार्थ्याने त्याला अवघ्या चार ओळीत आटोपावे याचे आश्चर्य वाटते. मार्क ट्वेन यांची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी इंग्लंडमध्ये १८८४ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. हक हा दारुड्या बापाचा अनाथवत मुलगा. जिम हा मिस वॉटसन या धर्मपरायण बाईंचा गुलाम. दोघे तराफ्यावरून मिसिसिपी नदीने पळून चालले आहेत. जसजसे जिमचे स्वातंत्र्य जवळ येऊ लागते तसतशी हकची सदसद्विवेकबुद्धी त्याला टोचू लागते. ती काय म्हणते? 'गुलामाला पळवणे चांगले' असे ती म्हणत नाही. ज्या बाईंनी तुझे काही वाईट केले नाही, त्यांची मालमत्ता तू चोरत आहेस, असे ती म्हणते. कादंबरीच्या एकतिसाव्या प्रकरणात हक त्या बाईंना जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो, आणि लिहिल्याबरोबर पापमुक्त झाल्याचे समाधान त्याला लाभते. मग त्याला जिम आठवतो. हकची झोप मोडू नये म्हणून आपल्या पहाऱ्यानंतर त्याचाही पहारा स्वतः करणारा, धुक्यात हरवलेला हक परत आला तेव्हा हरखून गेलेला जिम. हक पत्र फाडून टाकतो. आपण आता नरकात जाणार याविषयी त्याला तिळमात्र शंका नाही. तरीही तो ते फाडतो.

येथे आमच्या विद्यार्थ्याने लिहिले आहे की, हकच्या सदसद्विवेकबुद्धीने समाजावर मात केली. हे वाचन नेमके उलटे आहे. पराभव झाला तो सदसद्विवेकबुद्धीचाच. स्वतः ट्वेन यांनी आपल्या टिपणात तसेच नोंदवले आहे : निकोप हृदय आणि विकृत घडवलेली सदसद्विवेकबुद्धी यांची ही टक्कर असून तीत दुसरीची हार होते. गुलामांच्या मालकांनी, रविवारच्या शाळेने आणि चर्चच्या व्यासपीठाने जे शिकवले तेच हकच्या आत बसून अंतरीचा आवाज म्हणून बोलत होते. ट्वेन यांचे बालपण मिसुरीत, गुलाम बाळगणाऱ्या घरात गेले. त्या वयात आपल्याला गुलामगिरीत काही गैर वाटले नाही, हे त्यांनी पुढे कबूल केले आहे. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईत आले असता उतारगृहात एका युरोपियनाने हिंदी नोकराच्या तोंडावर फटका मारलेला त्यांनी पाहिला. नोकराने मुकाट्याने तो सोसला. त्या एका फटक्याने आपण पन्नास वर्षे मागे, आपल्या गावातील गुलामांपाशी जाऊन पोहोचलो, असे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे. मुंबईच्या उतारगृहातील तो नोकर कोण, कुठला, हे त्यांना माहीत नव्हते आणि आपल्यालाही कधी कळणार नाही.

या कादंबरीचा शेवट आम्हास मुळीच मान्य नाही. शेवटच्या प्रकरणांत टॉम सॉयरच्या खेळासाठी जिमचे खेळणे केले आहे, आणि कृष्णवर्णीय वाचकांनी त्यावर घेतलेला आक्षेप रास्त आहे. २०२४ साली पर्सिव्हल एव्हरेट यांनी 'जेम्स' या कादंबरीत हीच कथा जिमच्या तोंडून सांगितली. हकच्या मनात काय चालले हे आपल्याला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक होते. जिमच्या मनात काय होते हे विचारण्यास एवढा काळ जावा लागला.

आमच्या दृष्टीने या कादंबरीतून उठणारा प्रश्न थोरोंच्या तुरुंगवासापेक्षा अधिक खोल आहे : आतला आवाज कोणाचा? 'सदसद्विवेकबुद्धी' हा आपला शब्दच या बाबतीत फसवा आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त या पाश्चात्त्य मताचा परामर्श घेताना 'सदसद्विवेकदेवता' असा शब्द योजला होता. आत कोणी देवता बसली आहे आणि ती कधी चुकत नाही, ही त्यामागची कल्पना. पालीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, आणि ही उणीव आहे असे आम्ही मानत नाही. तेथे 'हिरी' आणि 'ओत्तप्प' ही जोडी आहे. पापाची लाज ती हिरी, पापाचे भय ते ओत्तप्प. अंगुत्तर निकायात या दोन धर्मांना लोकांचे रक्षण करणारे म्हटले आहे. हिरी आतून उपजते, ओत्तप्प बाहेरून, असे अट्ठकथाकारांचे स्पष्टीकरण. त्याच निकायाच्या तिकनिपातात तीन आधिपत्ये सांगितली आहेत : स्वतःचे, लोकांचे आणि धम्माचे. भिक्खू कधी स्वतःला साक्षी ठेवून स्वतःला सावरतो, कधी लोकांना, कधी धम्माला. मूळ सुत्तात हे तिन्ही मार्ग सन्मार्गाचेच आहेत आणि आम्ही त्यांचा अर्थ काहीसा ताणत आहोत, हे मान्य करतो. तरीही हकची अवस्था सांगण्यास याहून चांगली परिभाषा आम्हास सापडत नाही. ज्याला तो 'स्व' समजत होता तो वस्तुतः 'लोक' होता.

आणि हे केवळ मिसुरीत घडते असे समजण्याचे कारण नाही. 'अट्ठसालिनी'त हिरी कशी उत्पन्न होते हे सांगताना पहिले कारण दिले आहे ते जन्माचे. कुलीन मनुष्य विचार करतो की, पाप करणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, ते कोळी वगैरे हीन जातीच्या लोकांचे काम. आणि असा विचार करून तो पापापासून परावृत्त होतो. ज्या तथागतांनी जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो, असे सांगितले, त्यांच्याच शासनातील हे भाष्य! पालीच्या वर्गात हा उतारा आला की आम्ही तो गाळत नाही. समाजाने शिकवलेला तिरस्कार लाजेच्या रूपाने शीलात कसा शिरतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही. बुद्धवचन म्हणून जे जे हाती येते त्यास बुद्धीची कसोटी लावावी, हा बाबासाहेबांचा आग्रह अशा स्थळी किती यथार्थ ठरतो हे वेगळे सांगावयास नको.

आमच्या विद्यार्थ्याने कालाम सुत्ताचा आधार घेतला आहे आणि ती व्यक्तिस्वातंत्र्याची सनद आहे असे म्हटले आहे. सुत्ताचा पूर्वार्ध सर्वांनाच पाठ असतो : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका. पण त्याच यादीत तर्काला पटले म्हणून, आपल्या आधीच्या मताशी जुळले म्हणून स्वीकारू नका, असेही आहे. म्हणजे तथागतांनी ग्रंथाला जो अविश्वास दाखवला तोच माणसाच्या आवडत्या मतालाही दाखवला. उरते काय? लोभ, द्वेष, मोह यांतून हे उपजले काय. जाणते लोक याची निंदा करतील काय. आचरले तर अहित आणि दुःख होईल काय, हे तपासणे. हकने पत्र फाडले ते अशा तपासणीने नव्हे, केवळ मैत्रीने. म्हणूनच तो शेवटपर्यंत स्वतःला पापी समजत राहिला. त्याच्याजवळ करुणा होती, दृष्टी नव्हती.

निबंधातील सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी आहे. त्यात फ्रेडरिक डग्लस नाहीत. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले डग्लस १८३८ साली पळाले आणि १८४५ साली त्यांनी आत्मकथन प्रसिद्ध केले. लहानपणी मालकीणबाईंनी त्यांना मुळाक्षरे शिकवण्यास प्रारंभ केला होता. नवऱ्याने, वाचायला शिकला तर गुलाम कामाचा राहणार नाही, असे म्हणून ते थांबवले. त्या मनाईतूनच त्या मुलाला स्वातंत्र्याची वाट कळली. आमच्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या १८४६ साली थोरो एक रात्र तुरुंगात होते, त्याच वर्षी डग्लस ब्रिटनमध्ये होते, कारण आत्मकथनामुळे त्यांचा ठावठिकाणा उघड होऊन पुन्हा पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला होता. तेथील मित्रांनी पैसे जमवून वर्षअखेर मालकाकडून त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. यावर काही दासमुक्तीवाद्यांनी आक्षेप घेतला. माणसाची किंमत मोजणे म्हणजे माणूस ही मालमत्ता आहे हे तत्त्व मान्य करणे, असे त्यांच्या शुद्ध सदसद्विवेकबुद्धीला वाटले. डग्लस यांनी त्या व्यवहाराचे समर्थन केले. एकाच वर्षी दोघांसाठी दुसऱ्या कोणी पैसे भरले. एकाला त्याचा राग आला, दुसऱ्याला त्यामुळे मायदेशी परतता आले.

पुढची घटना याहून बोलकी आहे. ४ जुलै १८५४ रोजी फ्रेमिंगहॅम येथील सभेत विल्यम लॉइड गॅरिसन यांनी अमेरिकेच्या संविधानाची प्रत जाळली. त्याच सभेत थोरो यांचेही भाषण झाले. डग्लस यांनी मात्र तीन वर्षांपूर्वीच गॅरिसन यांचे संविधानविषयक मत सोडून दिले होते. संविधान गुलामांच्या मालकांचे आहे असे म्हणून ते त्यांनाच बहाल का करावे, त्याचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूने लावून ते आपले शस्त्र का करू नये, अशी त्यांची भूमिका होती. ज्याला राज्य लाभले आहे तो राज्याकडे पाठ फिरवू शकतो. ज्याला राज्याने अजून माणूसच मानलेले नाही, त्याने पाठ कोणाकडे फिरवावी?

बाबासाहेबांनी १९५३ साली राज्यसभेत, हे संविधान जाळणारा मी पहिला असेन, असे उद्गार काढले. त्यावरून विद्यार्थी त्यांना थोरोंच्या पंक्तीत बसवतो. ते उद्गार आंध्र राज्याच्या विधेयकावर, अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा प्रश्न निघाला असता काढलेले आहेत. त्यापूर्वी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी संवैधानिक मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत असे स्पष्ट सांगितले होते. महाडचा इतिहासही हेच सांगतो. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ सालचा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांनी कोणता कायदा मोडला? त्यांनी तर कायदा अमलात आणला. त्यांच्या डोक्यात काठ्या घातल्या त्या शासनाने नव्हे, समाजाने. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला तेव्हा मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरील सत्याग्रह स्थगित ठेवण्यात आला. आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळवण्यास १९३७ चा मार्च उजाडला. ज्या अर्जांची आणि ठरावांची आमच्या विद्यार्थ्याला लाज वाटते, ते हे. शासनाला आव्हान देणाऱ्या राजकारण्यापेक्षा समाजाला आव्हान देणारा सुधारक अधिक धैर्यवान असतो, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त सांगितले आहे.

थोरोंपासून गांधीजींपर्यंत विद्यार्थ्याने जी सरळ रेषा काढली आहे, तिच्या मध्ये सप्टेंबर १९३२ उभा आहे. तेथेही एका व्यक्तीचे अंतःकरण बोलत होते. थोरोंच्या 'नाही'चा भार त्यांनी स्वतःवर घेतला. येरवड्याच्या उपोषणाचा भार ज्यांना स्वतंत्र मतदारसंघ नुकताच मिळाला होता त्यांच्यावर पडला. एका व्यक्तीच्या आतल्या आवाजाने कोट्यवधींचा हक्क फिरवावा, याला नागरी स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

राहता राहिले मागील रांगेतील वृद्ध उपासक. महावग्गाच्या उपोसथखंधकात एक तरतूद आहे. षड्वर्गीय भिक्खू संघात नियमबाह्य कर्म करू लागले तेव्हा तथागतांनी त्याचा निषेध करण्यास अनुज्ञा दिली. निषेध करणाऱ्यांना ते धमकावू लागले. तेव्हा ठरले ते असे : चार-पाच भिक्खू असतील तर त्यांनी उघड निषेध करावा, दोघे-तिघे असतील तर आपले मत प्रकट करावे, आणि एकटाच असेल तर त्याने, हे मला मान्य नाही, असा मनाशी निर्धार करावा. एकट्याने हुतात्मा व्हावे अशी अपेक्षा येथे नाही. एकट्याची भीती येथे ओळखलेली आहे, त्याच्या मूक नकाराला नियमात स्थान दिलेले आहे, आणि दोघांचे चार होण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. ज्यांची चूल दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीवर पेटत होती, त्यांनी कित्येक वर्षे मनाशी असा निर्धार सांभाळला नसता, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे एकाच वेळी 'नाही' आणि 'होय' कशी म्हणाली असती, हे आमच्या विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारावे.

थोरो यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. फक्त ते दुसऱ्या ठिकाणी आहे. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात लोकशाहीच्या यशासाठी आवश्यक अटींवर बोलताना बाबासाहेबांनी सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धीचा उल्लेख केला. अन्याय कोणावरही होवो, तो पाहून जी पेटून उठते ती. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांसाठी लढणाऱ्या रेव्हरंड स्कॉट या गोऱ्या माणसाचे उदाहरण त्यांनी दिले, आणि अस्पृश्यांसाठी असे किती स्पृश्य तरुण पुढे आले, असा प्रश्न केला. थोरो गुलाम नव्हते. तरीही पळून आलेल्या गुलामांना त्यांनी कॅनडाची वाट धरण्यास मदत केली. त्यांचा निबंध आपल्याला जितका उद्देशून आहे त्याहून अधिक तो गावकुसाच्या आतील वाचकाला उद्देशून आहे, आणि मराठीत तो वाचक त्याला अजून पुरेसा भेटलेला नाही.

विद्यार्थ्याचा निबंध आम्ही त्याला परत दिला आहे. समासात दोनच ठिकाणी खुणा केल्या. हकच्या चार ओळींपाशी लिहिले, 'हे वाढवावे'. आणि टाळ्या पडलेल्या वाक्यापाशी मागील रांगेतील एका उपासकांचे नाव लिहून, त्यांच्याकडे जाऊन एक दिवस बसावे, असे सुचवले. दुसऱ्या मसुद्यासाठी त्याने पुढील पौर्णिमेपर्यंतची मुदत मागितली आहे.